परतीचे कागद

वाचकहो, नोव्हेंबर उजाडला की आमच्या दिवेआगरच्या दवाखान्यातील बाकावर दोन प्रकारचे पाहुणे दिसू लागतात. पहिले शनिवार-रविवारचे. समुद्रावर येतात, उन्हाने किंवा जेवणाच्या अतिरेकाने आजारी पडतात आणि सोमवारी निघून जातात. दुसरे वयाने सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्या हातात सात वारांच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी असते, डोळ्यांत एक प्रकारची उत्सुकता असते आणि तपासणी संपता संपता ते हलक्या आवाजात सांगतात, "डॉक्टर, आता इकडेच राहायचे ठरवले आहे." हा लेख या दुसऱ्या पाहुण्यांसाठी आहे, आणि त्यांच्या येण्याने ज्यांचे घर बदलणार आहे त्या भावांसाठी, पुतण्यांसाठी आणि पुतणसुनांसाठीही.

आयुष्य इंग्लंड-अमेरिकेत गेले, तेथील नागरिकत्व घेतले, आता उतारवयात पोफळीच्या सावलीत पडवीवर बसावे, ही इच्छा मला पूर्णपणे समजते. पण आपण परदेशी पासपोर्ट घेतला त्याच क्षणी कायद्याच्या दृष्टीने भारतीय राहिलो नाही, हे अनेकांच्या मनाला अजून पटलेले नसते. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. थायलंड पन्नाशीनंतर आणि संयुक्त अरब अमिराती पंचावन्नीनंतर निवृत्तांना खास निवास परवाना देतात. तसा 'निवृत्ती व्हिसा' भारतात नाही. आपल्या मूळच्या माणसांसाठी त्याची जागा घेते ते ओसीआय कार्ड, म्हणजे 'भारताचे परदेशस्थ नागरिक' अशी नोंदणी. नावात नागरिक असले तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. मात्र आयुष्यभर केव्हाही यावे, कितीही राहावे, पोलीस कार्यालयात नोंदणी करावी लागत नाही. ही योजना 2005 पासूनची. पूर्वीची पीआयओ कार्डे जानेवारी 2015 मध्ये तिच्यात विलीन झाली.

एवढी माहिती कोणताही एजंट देईल. मी लिहावयास बसलो ते एका जोडप्यामुळे. त्यांच्या संमतीने, नाव न देता, त्यांची हकीकत सांगतो. गावात त्यांना काका-काकू म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

काका मूळचे येथलेच. शाळा येथे, नंतर मुंबई, आणि मग चाळीस वर्षे इंग्लंडात अभियंत्याची नोकरी. वडिलोपार्जित घर आणि वाडी धाकट्या भावाने सांभाळली. सातबारावर दोघांचीही नावे. काकू अलिबागच्या. दोघेही ब्रिटिश नागरिक. काकांनी स्वतःचे ओसीआय कार्ड केव्हाच करून घेतले होते. काकूंचे राहिले. त्यांचा जुना भारतीय पासपोर्ट घर बदलताना हरवला, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, ब्रिटिश पासपोर्टवर सासरचे, आणि दोन नावे जोडणारा विवाहनोंदणीचा कागदच नाही, कारण त्या काळी लग्ने नोंदवण्याची पद्धत सर्रास नव्हती. "पुढच्या वर्षी करू" असे म्हणत काकू ई-पर्यटक व्हिसावर आल्या. ब्रिटिश नागरिकाला या व्हिसावर सलग 180 दिवस राहता येते. डिसेंबरच्या आरंभी आले, जूनच्या आरंभी आगोटीपूर्वी जायचे आणि डिसेंबरात पुन्हा यायचे, असा काकांचा हिशेब. परतीची तिकिटे काढलेली होती.

डिसेंबरातच ते दोघे माझ्याकडे आले. काकांनी एक जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. पासपोर्टच्या प्रती, पेन्शनचे कागद, बँकेचे कागद, वाडीचा उतारा, सारे खुणेच्या चिठ्ठ्या लावून. मी कौतुक केले. दोघांचा रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि म्हणालो, "निर्धास्त राहा, मी आहे ना."

हे वाक्य मला पुढे फार जड गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळून काकू पडल्या. पुतण्याने बोलावले तेव्हा त्यांचा उजवा पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला होता. खुब्याचे हाड मोडले आहे हे ओळखायला क्ष-किरणांची गरज नव्हती. आमच्या गावापासून म्हसळा, माणगाव असा घाट-वळणांचा रस्ता, मग महामार्ग. दुपारी त्या शहरातील एका रुग्णालयात पोहोचल्या. तेथे शल्यचिकित्सकाने पहिला प्रश्न विचारला, "रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का? शेवटची गोळी कधी घेतली?"

कोणालाच सांगता येईना. काकूंच्या हृदयाचे ठोके अनियमित होते आणि त्यासाठी इंग्लंडातील डॉक्टरांनी असे औषध दिलेले होते. सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या सुट्या होत्या, त्यांची वेष्टने तिकडे कचऱ्यात गेलेली. फाईलमध्ये वाडीचा सातबारा होता, औषधांची यादी नव्हती. शल्यचिकित्सकाने मला फोन केला. माझ्या नोंदवहीत काकूंच्या नावापुढे रक्तदाब आणि साखर एवढेच लिहिलेले होते. पाच महिने त्या माझ्या रुग्ण होत्या. शेवटी इंग्लंडात मुलाला झोपेतून उठवले, त्याने तेथील दवाखाना उघडेपर्यंत वाट पाहिली आणि औषधाचे नाव कळले. खुब्याच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी बरी. पहिल्या दीड-दोन दिवसांत झाली तर रुग्ण लवकर उभा राहतो, फुफ्फुसाचा संसर्ग आणि शय्याव्रण यांचा धोका कमी होतो. काकूंची चौथ्या दिवशी झाली. त्या विलंबातला काही भाग औषधाचा अंमल उतरण्यासाठी अटळ होता. उरलेला माझ्या कोऱ्या पानाचा होता.

म्हणून, वाचकहो, परतणाऱ्या प्रत्येकाकडे मी आता पहिल्या भेटीत यादी मागतो. ती औषधाच्या मूळ नावाने हवी, कंपनीच्या नावाने नको. देश बदलला की नावे बदलतात. अमेरिकेतील अॅसिटअमिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉल, तेथील अल्ब्युटेरॉल म्हणजे आपले साल्ब्युटामॉल. आकडेही बदलतात. इंग्लंडातून आलेला रुग्ण आपली साखर "सात" सांगतो तेव्हा नवखा माणूस दचकतो. त्या सातला 18 ने गुणावे, म्हणजे आपल्याकडची 126 मिळते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तेथील 48 हा आकडा आपल्याकडचा साडेसहा टक्के होतो. हे गणित रुग्णाने नव्हे तर डॉक्टरने करावयाचे, पण रात्री दोन वाजता समोर कोण डॉक्टर असेल हे कोणी सांगावे? यादीवर दोन्ही एकके लिहून ठेवलेली बरी.

शस्त्रक्रिया झाली, काकू वाडीवर परत आल्या, आणि कॅलेंडरकडे प्रथम लक्ष गेले ते पुतणसुनेचे. व्हिसा संपायला आठवडाही उरला नव्हता. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. नऊ-दहा तास विमानात पाय लोंबकळत बसणे पहिल्या काही आठवड्यांत तरी योग्य नव्हते. काका म्हणाले, "तुम्ही एक पत्र द्या, डॉक्टर." मी माझ्या नाममुद्रित कागदावर पत्र दिले, 'रुग्ण प्रवासास असमर्थ आहे, कृपया मुदत वाढवून द्यावी.' अर्ज ऑनलाइन भरला गेला आणि दोन दिवसांत शंका काढून परत आला. माझे पत्र पुरेसे नव्हते.

ते पुरेसे असण्याचे कारणही नव्हते, हे मी नंतर नियम वाचले तेव्हा उमगले. पर्यटक व्हिसा सहसा वाढत नाही. भारतात आल्यावर परदेशी माणूस गंभीर आजारी पडला तर त्याचा व्हिसा वैद्यकीय व्हिसात बदलण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र सरकारी वा मान्यताप्राप्त रुग्णालयाचे लागते. खेड्यातील एमबीबीएस डॉक्टरच्या सहीने ते भागत नाही. पस्तीस वर्षांत माझ्या सहीने रजा मिळाल्या, विमा मिळाला, दाखले झाले. ही सही कोठे थांबते हे मला त्या दिवशी कळले. पुन्हा गाडी काढून पुतण्या शहरात गेला, रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि शस्त्रक्रियेचा अहवाल आणला, आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी अर्ज पुरा झाला. सुदैवाने परवानगी मिळाली. त्या चार दिवसांत काकूंचा रक्तदाब मी जेव्हा जेव्हा मोजला तेव्हा तो चढलेलाच होता. त्या खाटेवरून विचारीत, "मी येथे बेकायदा होणार का हो?" ज्या घराच्या उंबऱ्यावरून माप ओलांडून त्या आल्या होत्या, त्याच घरात.

याच प्रकरणात मला आणखी एक गोष्ट नव्याने कळली. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की गावातील घरगुती निवासवाले 24 तासांत सी-फॉर्म भरतात हे आम्हा सर्वांना ठाऊक असते. परदेशी नागरिकाला दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयावरही अशीच माहिती कळवण्याची जबाबदारी असते. तेव्हा दाखल होताना पासपोर्टची प्रत मागितली तर नातेवाइकांनी रागावू नये.

ज्यांचा विचार चालू आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. ओसीआयचा अर्ज पती-पत्नी दोघांचाही करा, आणि जेथे राहत आहात त्या देशातूनच करा. येथे आल्यावर पाहू म्हणू नका. जुना भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचा दाखला शोधा. नावात फरक असेल तर तो जोडणारा कागद आधी तयार करा, कारण वेळ तेथेच जातो. कार्ड हाती येईपर्यंत यावयाचेच असेल तर भारतीय वंशाच्या व्यक्तींना 'एक्स' वर्गाचा प्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्याची मुदत मोठी असते, मात्र सलग 180 दिवसांहून अधिक राहणार असाल तर नोंदणी करावी लागते. ओसीआय कार्ड आयुष्यभराचे असले तरी पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा त्याची प्रत आणि ताजा फोटो संकेतस्थळावर चढवावा लागतो, तीन महिन्यांच्या आत. त्याला शुल्क नाही. विसर मात्र हमखास पडतो.

वाडीविषयीही दोन शब्द. ओसीआय असलेल्याला येथे घर घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आमची नारळी-पोफळीची वाडी ही कागदावर शेतजमीनच असते. वारसाने आलेली ठेवता येते. काकांना शेजारची वाडी घ्यायची होती, भाऊ आपला हिस्सा बक्षीसपत्राने द्यायलाही तयार होता. दोन्ही गोष्टी होण्यासारख्या नव्हत्या. त्यांना याचे फार वाईट वाटले. "तिकडे मी परका, आणि इकडेही?" असे ते म्हणाले. या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात औषध नाही, मी चहा मागवला.

पैशांबाबत मी अधिकाराने बोलू शकत नाही, सनदी लेखापालाला विचारावे. उपचारांचा खर्च कोण करणार हे मात्र मला रोज विचारले जाते. अमेरिकेतील मेडिकेअर त्या देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे साधारणपणे देत नाही. त्यातील डॉक्टरांच्या खर्चाचा भाग सोडून दिला आणि पुढे पुन्हा घ्यावासा वाटला, तर उशिराच्या प्रत्येक वर्षाला दहा टक्के जादा हप्ता कायमचा लागतो. तेव्हा तो बंद करण्यापूर्वी चार वेळा विचार करावा. ब्रिटिश सरकारी पेन्शन येथे मिळते, पण भारतात स्थायिक झालेल्यांना तिची वार्षिक वाढ मिळत नाही. रक्कम गोठते आणि महागाई चालत राहते. तेथील सरकारी आरोग्यसेवा रहिवासावर अवलंबून असते. कायमचे परतलात तर नागरिक म्हणून ती पुन्हा मिळते. म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवाल्याचा परतीचा दरवाजा उघडा असतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्यांचा तसा नसतो. परवानगीशिवाय वर्षाहून अधिक काळ येथे राहिले तर ते कार्ड गेले असे समजले जाऊ शकते. मुलांनी बोलावून कार्ड काढून दिलेले किती तरी आई-वडील "गावी जरा जास्त राहिलो" म्हणून या पेचात सापडतात. येथे आरोग्यविमा घ्यायचा झाल्यास 2024 पासून वयाची अट राहिलेली नाही, आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षाही कमाल तीन वर्षांवर आली आहे. तरी ती तीन वर्षे मोजावी लागतातच. त्यामुळे सत्तरीत परतायचे असेल तर विम्याची चौकशी पासष्टीत करावी.

आमच्या शेजारच्या बोर्ली पंचतनात आणि श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावांत आखातातून परतणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांना तेथे नागरिकत्व मिळत नाही, नोकरी संपली की निवासही संपतो, म्हणून ते भारतीयच राहतात. त्यांना येथे येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र ते बहुधा साठीत, पेन्शनशिवाय, वर्षानुवर्षे न मोजलेल्या साखरेसह येतात. त्यांच्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल.

पुन्हा काकूंकडे वळतो. पावसाळा त्यांनी येथेच काढला. व्यायामशिक्षक आठवड्यातून एकदा बाहेरून येई, बाकीचे दिवस पुतणसून त्यांना धरून ओटीवरून पडवीपर्यंत चालवी. त्या मुलीचे मला फार कौतुक वाटते, आणि थोडे अपराधीही वाटते. काका-काकू कायमचे येणार हे घरात ठरले तेव्हा तिचे मत कोणी घेतले नव्हते. दोन लहान मुले, सासरे, चार खोल्यांचा पर्यटकांचा व्यवसाय, आणि त्यात रात्री दोनदा उठून भांडे देणे. एकदा मी तिचाच रक्तदाब मोजला. तिला हसू आले, "मला कशाला?" तो 150 च्या वर होता. वृद्धाची काळजी घेणाऱ्याची तपासणी करावी हे आम्हा डॉक्टरांनाही उशिरा सुचते. त्यानंतर काकांनी रात्रीसाठी एक बाई ठेवली. ती आधीच ठेवता आली असती.

जुलैत एकदा वीज दोन दिवस गेली. काका अस्वस्थ झाले, कारण त्यांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये होते. मी त्यांना 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण सांगितली. ते वादळ आमच्या याच किनाऱ्यावर आदळले. वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा मी रुग्णांना इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवायला सांगत होतो. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. काकांनी लगेच माठ आणवला. त्यांना तो उपाय इतका आवडला की वीज आल्यावरही माठ जागचा हलला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस काकू काठी घेऊन एकट्या चालू लागल्या. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा काका वाडीत होते, पाऊस थांबला होता आणि पागोळ्या गळत होत्या. मी सहज विचारले, "आता ओसीआयचे कागद जमवायला घ्यायचे ना?" काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळे जण मला विचारतात की कागद कुठे आहेत. मला राहायचे आहे का, हे अजून कोणी विचारले नाही." त्यांची नातवंडे तिकडे. मैत्रिणी तिकडे. हृदयाचे डॉक्टर तिकडे, चालत पाच मिनिटांवर. हे गाव काकांचे होते. काकू लग्नानंतर येथे सलग अशा फक्त पहिली तीन वर्षे राहिलेल्या. चाळीस वर्षे त्यांनी काकांच्या तोंडून या वाडीचे वर्णन ऐकले होते आणि ते ऐकायला त्यांना आवडतही असे. पण तेवढ्यावरून सर्वांनी त्यांचे उत्तर गृहीत धरले होते. मीही.

मी काकांना हे सांगावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले. रुग्णाने विश्वासाने बोललेले तिसऱ्याला सांगू नये, अगदी नवऱ्यालाही. मी काकूंनाच म्हणालो, "तुम्ही त्यांना सांगा, हवे तर मी तेथे बसतो." त्या म्हणाल्या, "बसा." मी बसलो. काय बोलणे झाले ते मी येथे लिहिणार नाही. काका मधूनच उठून पंप बंद करायला गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले, एवढेच सांगतो.

सप्टेंबरात काकू इंग्लंडला गेल्या. काका त्यांना पोहोचवून आले नाहीत, बरोबर गेले आणि तीन महिने तिकडेच राहिले. या डिसेंबरात ते एकटे आले, दोन महिन्यांसाठी. रोज रात्री पडवीवर बसून ते काकूंशी व्हिडिओवर बोलतात. काकू तेथून वाडी दाखवायला सांगतात. पोफळी किती भरल्या, माठ अजून आहे का, पुतणसून काय करते, तिचा रक्तदाब कसा आहे, सारे विचारतात.

परवा काका तपासणीला आले होते. निघताना त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून मला दिला. काकूंनी पाठवलेला. त्यांच्या औषधांची यादी होती, मूळ नावांनी, मात्रा आणि वेळेसह, साखरेचे आकडे दोन्ही एककांत. खाली तेथील डॉक्टरांचा दूरध्वनी. आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत, 'कार्डाचा अर्ज अजून केलेला नाही. विवाहाचा दाखला मात्र काढायला दिला आहे.'

काका म्हणाले, "हे कशासाठी लिहिलंय, कळत नाही." मी काही बोललो नाही. कागद फाईलला लावला.